व्हिएन्नात पहिलाच दिवस आणि बाहेर पाऊस

वाचक विचारतात : प्रवास

या वेळी आलेल्या पत्रांत व्हिएन्नाची पत्रं बरीच होती आणि बहुतेकांची काळजी एकच: दोघांच्या रजा जुळवून, पैसे साठवून जायचं आणि पहिल्याच दिवशी पावसानं गाठलं तर करायचं काय? मिळत्याजुळत्या पत्रांना एकत्र उत्तरं देत आहोत. तिकिटांचे दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

प्रश्न : ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको चार दिवस व्हिएन्नात आहोत. पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत हॉटेलवर पोहोचू. त्या दिवसासाठी स्टेफान्सडोम या कॅथेड्रलचा मनोरा, शोनब्रुन राजवाडा आणि जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावर पायी फेरी असं ठरवलं आहे. पाऊस असेल तर हाच बेत ठेवावा का?

उत्तर : ठेवू नका. तिन्ही गोष्टी बघण्यासारख्या आहेत, पण तिन्हींना कोरडी हवा लागते. स्टेफान्सडोमच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, गोल फिरत जाणाऱ्या आणि अरुंद. तेवढं चढून वरच्या खिडक्यांतून ढग बघण्यात काही हशील नाही. शोनब्रुनला भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून राजवाड्याच्या दारापर्यंत चालावं लागतं आणि समोरचं अंगण खडीचं, पूर्ण उघडं आहे. मागची बाग आणि टेकडीवरचं ग्लोरिएट, म्हणजे कमानींची वास्तू, पावसात सोडूनच द्यावं लागतं, म्हणजे पूर्ण तिकीट काढून अर्धंच शोनब्रुन पदरात पडतं. शिवाय पाऊस लागला की सगळेच प्रवासी छपराखाली धावतात आणि राजवाड्याची ठरावीक वेळेची तिकिटं भराभर संपतात. रिंग रस्ता तर ५.३ किलोमीटरचा आहे. तो पायी राहू द्या, ट्रामनं मात्र जरूर करा.

पावसाचा दिवस आखताना ठिकाण किती नावाजलेलं आहे हे बाजूला ठेवा. एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाताना किती मिनिटं उघड्यावर चालावं लागेल, हे आधी बघा. पाच-सहा मिनिटं असतील तर साधं जॅकेट पुरतं. दहा-पंधरा मिनिटं झाली की पँटचे पाय आणि बूट भिजतात, आणि एकदा बूट भिजले की दोघांपैकी एकाचं तरी लक्ष पुढे कशातच लागत नाही. व्हिएन्नाचा जुना भाग या हिशेबाला फार सोयीचा आहे. तो लहान आहे, त्याच्या कडेनं ट्राम फिरते आणि आत जागोजागी कमानी, पॅसेज आणि कॉफीघरं आहेत.

तुमच्यासाठी क्रम असा लावता येईल. खोली बहुतेक हॉटेलांत दुपारी दोन-तीनलाच मिळते, पण बॅगा ठेवून घेतात. बॅगा ठेवा, जॅकेट आणि बूट बदला आणि भुयारी रेल्वेनं कार्ल्सप्लाट्झला या. इथे यू-१, यू-२ आणि यू-४ या तीन मार्गिका मिळतात. स्टेशनातून ऑपेरापर्यंत जमिनीखालून जाणारी वाट आहे. १९५५ मध्ये बांधलेल्या ऑपेर्नपासाजमधून वर आलात की ट्रामचा थांबा जवळच आहे. तिथून १ नंबरची, ‘प्राटर हाउप्टआले’ लिहिलेली ट्राम घ्या आणि डावीकडच्या खिडकीशी बसा. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम म्हणजे कलासंग्रहालय, संसद, राटहाउस म्हणजे नगरभवन आणि विद्यापीठ ही सगळी डावीकडे येतात. उजवीकडे होफबुर्ग राजवाड्याची बाजू आणि बुर्गथिएटर दिसतं. श्वेडेनप्लाट्झला उतरा आणि २ नंबरची, ‘डोर्नबाख’ लिहिलेली ट्राम धरा. ती रिंगची उरलेली बाजू दाखवत तुम्हाला पुन्हा ऑपेरावरून बुर्गरिंगला आणते. ट्रामची वाट बघण्यासकट सगळी फेरी पाऊणएक तासात होते. कोणतीच नेहमीची ट्राम आता रिंगची पूर्ण फेरी मारत नाही. हे ठाऊक नसलेले प्रवासी एकाच ट्राममध्ये बसून राहतात आणि नकळत उपनगरात जाऊन पोहोचतात. खोदकामामुळे कधी मार्ग वळवलेला असतो, तो थांब्यावरच्या फलकावर किंवा शहर वाहतुकीच्या वीनमोबिल अ‍ॅपवर कळतो.

बुर्गरिंगला उतरलात की रस्ता ओलांडून तीन-चार मिनिटांत कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या दारात. इथे दोन ते अडीच तास द्या, त्याहून जास्त नको. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर उबदार, मंद उजेडाच्या दालनांत डोळे मिटायला लागतात आणि मग चित्रं नुसती नजरेसमोरून सरकतात. म्हणून आधी पहिल्या मजल्यावरच्या चित्रदालनात जा आणि थेट दहाव्या दालनापासून सुरुवात करा. तिथे ब्रॉयगेलची चित्रं आहेत. १५६३ चं ‘बाबेलचा मनोरा’ आणि १५६५ चं ‘बर्फातले शिकारी’ ही दोन्ही थकण्याआधीच बघायची चित्रं आहेत. ‘बर्फातले शिकारी’ आधी लांबून बघा, मग जवळ जा. टेकडी उतरणारी माणसं आणि कुत्री लांबूनही कळतात, पण खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी बोटभर माणसं, त्यातला प्रत्येक जण काय करतोय, ते जवळ गेल्याशिवाय उमगत नाही. नंतर फेर्मीर आणि वेलास्केथ. येता-जाता मुख्य जिन्यात मान वर करून खांबांमधल्या जागा बघा, त्यातली काही चित्रं तरुण क्लिम्टनं १८९०-९१ मध्ये रंगवली आहेत. खालच्या अंगाला कुन्स्टकामर हा कलावस्तूंचा विभाग आहे. चेल्लिनीनं घडवलेलं सोन्याचं मीठपात्र तिथे आहे. ते २००३ मध्ये चोरीला गेलं आणि २००६ मध्ये परत मिळालं. घुमटाखालचं कॅफे देखणं आहे, पण दुपारी एकच्या सुमारास तिथे रांग लागते. पावणेबाराला किंवा अडीचनंतर जा.

म्युझियममधून होफबुर्गला जाताना नकाशा तुम्हाला समोरच्या हेल्डेनप्लाट्झमधून सरळ जायला सांगेल. पावसात तसं जाऊ नका. ते प्रचंड मोकळं मैदान आहे आणि व्हिएन्नाचा वारा तिथे छत्र्या उलट्या करतो. त्यापेक्षा एक थांबा ट्रामनं ऑपेराला परत या आणि अल्बर्टिना संग्रहालयाच्या बाजूनं आउगुस्टिनरश्ट्रासेनं चाला. पाचसहा मिनिटांची वाट आहे आणि दोन्हीकडच्या उंच इमारती वारा अडवतात. योझेफ्सप्लाट्झवर राष्ट्रीय ग्रंथालयाचं प्रुंकझाल हे जुनं दालन आहे. अठराव्या शतकात १७२० च्या दशकात बांधलेलं, जवळजवळ ८० मीटर लांब, सुमारे दोन लाख जुनी पुस्तकं आणि घुमटाखाली कोरोनेल्लीचे पृथ्वी आणि आकाशाचे चार मोठे गोल. पाऊणएक तासात मनाजोगतं बघून होतं. पहिल्या दिवसाच्या दुपारसाठी यापेक्षा चांगली जागा आम्ही सुचवणार नाही: चालणं कमी, रांग सहसा छोटी आणि दोघांपैकी ज्याला पुस्तकांचं वेड नाही तोही आत शिरल्यावर दोन मिनिटं गप्प होतो.

पुढे मिखाएलरप्लाट्झवरून हेरेनगासेनं गेलात की पालेस फर्स्टेल लागतो. त्याच्या पोटातून फ्रायुंगपर्यंत जाणारा पॅसेज १८५६ ते १८६० मध्ये बांधला आहे आणि त्यातून जायला पैसे पडत नाहीत. शेवटी सहाच्या सुमारास स्टेफान्सडोम, फक्त आतून. मागच्या भागात मोफत उभं राहता येतं आणि दारं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. आत जाण्याआधी बाहेरून छप्पर तेवढं बघून घ्या. रंगीत, चकाकीची जवळपास २ लाख ३० हजार कौलं आहेत त्यावर, आणि ती ओली असताना कोरड्या दिवसापेक्षा जास्त खुलतात. नऊपर्यंत अंथरुणात असावं.

प्रश्न : विमानतळावरून शहरात यायला आणि दिवसभर फिरायला तिकिटं कशी घ्यावीत? यंत्रातून तिकीट काढलं की काम झालं का?

उत्तर : नाही, आणि नेमकी इथेच पहिल्या दिवशी गफलत होते. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेला फाटकं नाहीत, कुणीही सरळ आत चालत जाऊ शकतो. कागदी तिकीट काढल्यावर ते स्टेशनच्या तोंडाशी असलेल्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट असूनही नसल्यासारखंच. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड माणशी १०० युरोंच्या वर आहे आणि ‘आम्ही नवीन आहोत’ ही सबब चालत नाही. यंत्रावर तिकीट काढताना ‘आत्तापासून लागू’ असा पर्याय निवडला तर वेळ छापूनच येते, मग शिक्का लागत नाही. अ‍ॅपवरच्या तिकिटाला शिक्क्याची गरज नसते, मात्र फोनची बॅटरी संपली तर तिकीटही संपलं असं धरून चाला.

एका फेरीचं तिकीट साधारण तीन युरोंच्या घरात आहे, २४ तासांचं साधारण दहाच्या. पावसाच्या दिवशी माणूस एकेका थांब्यासाठीही ट्राममध्ये चढतो, म्हणून २४ तासांचंच घ्या. हे २४ तास शिक्का मारल्यापासून मोजतात. सकाळी अकराला शिक्का मारलात तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तेच चालतं. दोघांची दोन तिकिटं लागतात.

विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहराचं तिकीट तिथे पुरत नाही, हद्दीबाहेरच्या टप्प्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. हिरव्या रंगाची कॅट ही खास गाडी १६ मिनिटांत वीन मिटे स्थानकाला नेते, पण बरीच महाग आहे. आमचा कौल रेलजेटला. ती पंधरा-एक मिनिटांत हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्थानकाला, आणते आणि साध्या लोकलच्याच दरात. तिथून जमिनीखालूनच यू-१ धरायची, तिसरा थांबा स्टेफान्सप्लाट्झ. डोक्यावर एक थेंब न पडता तुम्ही शहराच्या मध्यात येता.

प्रश्न : छत्री न्यावी की रेनकोट? आणि बूट कोणते? नवऱ्याचं म्हणणं, दोघांत एक मोठी छत्री पुरे.

उत्तर : दोघांत एक छत्री घेतली की दोघांचाही एकेक खांदा भिजतो, उंची वेगळी असेल तर एकाचा चेहराही. दोघांना टोपीचं, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं जॅकेट हवं. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं जॅकेट अर्ध्या तासात खांद्यावर झिरपायला लागतं, विशेषतः सॅकचा पट्टा जिथे दाबतो तिथे. पाणी अडवण्याचा आकडा १०,००० मिलिमीटर किंवा वर असेल तर शहरातल्या दिवसभराच्या पावसाला भरपूर झाला. त्याखाली जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा दोन पातळ थर घाला. बाहेर आठ-दहा अंश आणि आत वीस-बावीस अशी दिवसभर ये-जा होते, आत अंगावर घाम धरला की बाहेर पडल्यावर थंडी वाजते. छत्री एक असू द्या, थांब्यावर उभं राहायला. लहान तीन घड्यांची छत्री तिथल्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी काड्या मोडून घेते, तिच्यापेक्षा मजबूत दांड्याची बरी.

खरा प्रश्न बुटांचा आहे. जाळीच्या कापडाचे धावायचे बूट नेऊ नका, एका डबक्यात ते संपतात. चामड्याचे किंवा पाणी न शिरणारं अस्तर असलेले, तळाला खोल खाचा असलेले बूट न्या. जुन्या भागात दगडी फरशीचे चौकोन आहेत आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीनं ते गुळगुळीत झाले आहेत. त्याहून घसरडे ट्रामचे रूळ: ओल्या रुळावर तिरका पाय टाकला की पाय निसटतो. रूळ नेहमी आडवे, सरळ कोनात ओलांडा. नवे बूट मात्र या प्रवासात पहिल्यांदा घालू नका. ओल्या मोज्यात नव्या बुटाचा फोड दुपारपर्यंत येतो.

प्रत्येकाच्या बॅगेत, बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोज्यांची एक कोरडी जोडी ठेवा आणि दुपारी म्युझियमच्या प्रसाधनगृहात बदला. ओले मोजे त्याच पिशवीत जातात. दुसऱ्या पिशवीत पासपोर्ट. सुती मोजे ओले राहतात, लोकरीचे किंवा लोकरमिश्रित घ्या. जीन्स टाळा, भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि गुडघ्याला चिकटून बसते.

म्युझियममध्ये छत्री, ओलं जॅकेट आणि मोठी सॅक घेऊन चित्रांजवळ जाता येत नाही. ती गार्डेरोबेत, म्हणजे सामान ठेवायच्या जागेत, ठेवायची. तिकिटाआधीच ती जागा शोधा, म्हणजे रांगेत ओलं ओझं घेऊन उभं राहावं लागणार नाही. निघताना पाऊस थांबलेला असेल तर छत्री हमखास तिथेच राहते. गार्डेरोबेचा बिल्ला एकानंच सांभाळायचा, हे आधी ठरवून टाका.

प्रश्न : आमचा पहिला दिवस सोमवारी येतोय. काही बंद असतं का?

उत्तर : सोमवार-मंगळवारचा घोळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. उन्हाळा सोडला तर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम सोमवारी बंद असतं, ऑक्टोबर ते मे प्रुंकझालही, आणि क्लिम्टची ‘बेटोफेन’ भित्तिपट्टी असलेलं सेसेशन हे कलादालनसुद्धा. उलट नाटुरहिस्टोरिशेस म्युझियम आणि होफबुर्गमधला खजिना, म्हणजे शाट्सकामर, मंगळवारी बंद. अल्बर्टिना आणि ओबेरेस बेल्व्हेडर, म्हणजे वरचा बेल्व्हेडर राजवाडा, रोज उघडी असतात.

तेव्हा सोमवारी वरच्या क्रमात फक्त अदलाबदल करा. ट्रामफेरीनंतर कुन्स्टहिस्टोरिशेसच्या ऐवजी अल्बर्टिना, जी ऑपेराच्या मागेच आहे, आणि प्रुंकझालच्या ऐवजी शाट्सकामर. अल्बर्टिनात ड्युररचा १५०२ चा ससा बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका. ते चित्र कागदावरचं आहे, उजेडानं खराब होतं, म्हणून मूळ चित्र फार क्वचित बाहेर काढतात आणि एरवी हुबेहूब प्रत लावलेली असते. मोने आणि त्याच्या काळातल्या चित्रकारांचं दालन मात्र कायमचं आहे. शाट्सकामरमध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट आणि १६०२ मध्ये घडवलेला रुडॉल्फचा मुकुट जवळून बघता येतो.

क्लिम्टचं ‘चुंबन’ ओबेरेस बेल्व्हेडरमध्ये आहे. तिथे प्रवेशाची वेळ आधी ठरवावी लागते. पावसात जायचं तर डी ट्रामनं श्लॉस बेल्व्हेडर थांब्यावर उतरा. खालच्या बेल्व्हेडरकडून बागेतून चढत जाण्याचा मोह टाळा, ती वाट मातीची आणि उघडी आहे.

रविवारी पोहोचणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिथली जवळपास सगळी दुकानं बंद असतात. मोडलेल्या छत्रीऐवजी दुसरी, मोजे, दूध, काहीच मिळत नाही. अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतल्या दुकानांचा, हाउप्टबानहोफमधलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिवस, तोही या यादीत धरा.

प्रश्न : मला म्युझियममध्ये तासन्‌तास रमायला आवडतं, ह्यांना अर्ध्या तासात कंटाळा येतो. पावसात बाहेरही सोडता येत नाही. काय करावं?

उत्तर : मारिया-तेरेझियेन-प्लाट्झवर दोन जुळ्या इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एकीत चित्रं आणि शिल्पं, दुसरीत नाटुरहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे निसर्गविज्ञान. तुम्ही पहिलीत जा, ह्यांना दुसरीत जाऊ द्या. तिथे १९०८ मध्ये सापडलेली विलेनडोर्फची व्हीनस ही छोटी मूर्ती आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची आणि सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. तिच्यासाठी वेगळी छोटी अंधारी खोली केली आहे, तिच्यापाशी गर्दी नसेल तर पूर्ण एक मिनिट थांबावं. उल्कांचं दालन आणि डायनासोरांचे सांगाडेही तिथेच.

ठरलेल्या वेळी भेटायची जागा चौकातल्या मारिया तेरेझाच्या पुतळ्याखाली ठेवू नका, तिथे आडोसाच नाही. चित्रांच्या म्युझियमच्या दारातल्या मोठ्या दालनात, तिकीट तपासण्याच्या अलीकडे, भेटा. दोन वेळा ठरवा: एक खरी आणि एक अर्ध्या तासानंतरची, चुकामूक झालीच तर. जाड भिंतींमागे फोन लागेलच असं नाही. पहिल्याच दिवशी दोघांनी दीड-दोन तास वेगळे घालवणं काहींना विचित्र वाटतं, पण एकाला ओढत नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. भेटल्यावर बोलायलाही दोघांकडे वेगवेगळं काही असतं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पावसात गरम काय मिळेल? सूप तरी सगळीकडे मिळत असेल ना?

उत्तर : सूपच सर्वांत आधी विचारून घ्या. व्हिएन्नात साधं, स्वच्छ दिसणारं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. फ्रिटाटेनझूपेमध्ये वर धिरड्याच्या पट्ट्या दिसतात, ग्रीसनॉकर्लझूपेमध्ये रव्याचे गोळे, आणि दोन्हींत खाली तेच पाणी. बटाट्याचं सॅलड, एर्डेप्फेलसालाट, तेही तिथे अनेकदा त्याच पाण्यात कालवतात. हे न कळून खाणारे शाकाहारी प्रवासी पुष्कळ आहेत. ‘फेगेटारिश?’ एवढ्यावर न थांबता ‘ओने रिंडझूपे?’ असं नेमकं विचारा, म्हणजे गोमांसाच्या पाण्याशिवाय आहे का. भोपळ्याचं दाट सूप ऑक्टोबरात सर्वत्र असतं, पण तिथेही हाच प्रश्न.

अंडं चालत असेल तर केझेश्पेत्सले मागवा: हातानं पाडलेल्या शेवया, वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा. काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, म्हणून ‘ओने श्पेक’ सांगा. कायझरश्मार्न म्हणजे जाड, गोड घावन तव्यावरच फाडून त्यावर साखर भुरभुरवलेलं, सोबत आलुबुखारचा घट्ट पाक. ते मागितल्यावर करतात, वीसएक मिनिटं लागतात आणि एक बशी दोघांना होते. बेदाणे रममध्ये भिजवलेले असू शकतात. अंडंही नको असेल तर ऑक्टोबरपासून रस्त्याकडेला लागणाऱ्या मारोनीच्या टपऱ्या शोधा. भाजलेले चेस्टनट आणि भाजलेले बटाटे कागदात गरम गरम मिळतात, आणि हातही शेकतात.

कॉफीघराबद्दल. आत शिरलात की ‘राखीव’ असं लिहिलेलं नसेल त्या टेबलावर स्वतःच बसायचं. ओले कोट दाराजवळच्या खुंट्यांवर टांगा, खुर्चीच्या पाठीवर टाकू नका. मेलान्ज म्हणजे दुधाची कॉफी, आइनश्पेनर म्हणजे काळी कॉफी आणि वर फेटलेली साय, दोन्हींसोबत पाण्याचा ग्लास येतो. हे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, नळाचंच असतं, १८७३ पासून नळानं शहरात येतं. एका कॉफीवर तास-दीड तास बसलात तर कुणी उठवत नाही. बिल आपोआप येत नाही, ‘त्साहलेन, बिटे’ म्हणावं लागतं. पाच ते दहा टक्के वर ठेवायची पद्धत आहे. थोडी रोख जवळ असू द्या.

कॅफे सेंट्रल किंवा कॅफे झाकरच्या बाहेर पावसात रांगेत उभं राहणं हा पहिल्या दिवसाचा सर्वांत वाईट उपयोग, असं आमचं ठाम मत आहे. कार्ल्सप्लाट्झजवळचं कॅफे म्युझियम, डोरोटेयरगासेतलं हावेल्का, श्टुबेनरिंगवरचं प्र्युकेल या ठिकाणी बसायला सहसा लवकर जागा मिळते आणि व्हिएन्नाचं कॉफीघर म्हणजे काय ते तिथेच जास्त नीट कळतं.

प्रश्न : संध्याकाळी ऑपेराची स्वस्त उभी तिकिटं मिळतात असं ऐकलं आहे. पहिल्याच रात्री जावं का?

उत्तर : उभ्या जागांची तिकिटं खरीच मिळतात, प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतात आणि बसायच्या जागेच्या मानानं फारच स्वस्त असतात. पण विमानप्रवास, दिवसभर पाऊस आणि वर तीन तास उभं राहणं हे पहिल्या रात्री झेपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जा. जुलै-ऑगस्टमध्ये श्टाट्सओपरला, म्हणजे या सरकारी ऑपेराला, सुट्टी असते.

स्टेफान्सप्लाट्झ आणि ऑपेराच्या आसपास मोत्सार्टच्या काळचा कोट आणि पांढरा टोप घालून तिकिटं विकणारे भेटतील. ते प्रवाशांसाठी भरवलेल्या वाद्यमैफलींची तिकिटं विकतात, श्टाट्सओपरची नाही. घ्यायचंच असेल तर कार्यक्रम कुठल्या सभागृहात आहे आणि जागा कुठली ते तिकिटावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : दुपारी पाऊस थांबला तर?

उत्तर : हातातलं म्युझियम संपवा, पण पुढचं सोडा. पाऊस पडून गेल्यावर हवा धुऊन निघते आणि दूरचं स्वच्छ दिसतं, मनोऱ्यासाठी हीच वेळ. साडेचारच्या आत पोहोचू शकत असाल तर स्टेफान्सडोमचा दक्षिण मनोरा चढा. चढायचं बळ नसेल तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, ती पुमेरीन या वीस टनांच्या घंटेपाशी नेते. उशीर झाला असेल तर यू-१ नं प्राटरश्टेर्नला जा. तिथलं १८९७ चं रीझेनराड हे महाकाय पाळणाचक्र जवळजवळ ६५ मीटर उंच आहे, डबे बंद आहेत, त्यामुळे पुन्हा सर आली तरी बिघडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ते जळलं होतं. पूर्वी ३० डबे होते, पुन्हा उभारताना १५ च ठेवले.

जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावं. उन्हाळ्यात पाऊस बहुधा दुपारी गडगडाटासह येतो आणि तासाभरात निघून जातो, त्यामुळे सकाळ उघड्यावर घालवून दुपार छपराखाली ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरची झिमझिम मात्र दिवसभर रेंगाळते, ती थांबायची वाट बघत बसू नये.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या लेन्सवर आत गेल्यावर वाफ धरते आणि ओले बूट सकाळपर्यंत वाळत नाहीत. काही उपाय?

उत्तर : थंड लेन्सवर उबदार, दमट हवा आली की पाणी सुटतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून आत जा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा. घाईनं कापडानं पुसलं तर पुन्हा धरतं आणि ओरखडे पडतात ते वेगळेच. चष्म्याचंही तसंच, पण तो पुसण्यावाचून इलाज नाही, म्हणून कोरडा सुती रुमाल आतल्या खिशात ठेवा.

बुटांची नाडी पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतली गादी काढून वेगळी ठेवा. बूट वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदांनी गच्च भरा. स्टेशनांवर फुकट वर्तमानपत्रं ठेवलेली असतात, येताना दोन उचला. पहिला कागद अर्ध्या-एक तासात ओला होतो, तो बदला. झोपताना पुन्हा एकदा बदला. एकदाच भरून झोपलात तर ओल कागदातच राहते आणि सकाळी बूट तसेच गार लागतात. हीटरच्या वर बूट ठेवू नका, चामडं आकसतं आणि तळाचा डिंक सुटतो. हीटरपासून हातभर लांब, आडवे पाडून, टाच त्याच्याकडे करून ठेवा. गादी मात्र हीटरजवळ उभी करून ठेवली तरी चालते.